आकाशवाणीतले सहा आठवडे : एका उन्हाळी इंटर्नची नोंद

13 फेब्रुवारी 2025 ला आमच्या कॉलेजात जागतिक रेडिओ दिनाचा कार्यक्रम होता. आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एक निवेदिका पाहुण्या म्हणून आल्या होत्या. भाषण संपल्यावर सगळे चहाकडे वळले आणि मी त्यांना जिन्यात गाठलं. "बाई, मला उन्हाळ्याच्या सुट्टीत आकाशवाणीत काम शिकायचंय. कुणाला भेटू?"

त्या म्हणाल्या, "भेटू नकोस. आधी अर्ज कर. सरकारी ठिकाणी आधी कागद पोचतो, मग माणूस."

त्या दिवसापासून 13 जूनपर्यंत काय काय झालं ते लिहून ठेवतेय. मी शोधत होते तेव्हा मला दिल्ली-मुंबईच्या मोठ्या केंद्रांबद्दल थोडंफार सापडलं. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान केंद्रात शिकायला जायचं तर काय करावं लागतं, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल लिहिणं मला बरं वाटत नाही. प्रत्येक केंद्राची पद्धत थोडी वेगळी असू शकते, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

माझ्याबद्दल थोडं. मी सांगोला तालुक्यातली. घरी दोन एकर डाळिंब. पत्रकारितेत एमए करतेय, पहिलं वर्ष. घरात रेडिओ अजून चालू आहे. तो माझ्या आजोबांचा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा 2021 मध्ये गेले. तेव्हापासून आजी तो सांभाळते. दिवेलागणीला शेतीचा कार्यक्रम, मग बातम्या, मग बंद. सेल वाचले पाहिजेत म्हणून गाणी ऐकायची नाहीत, हा तिचा नियम.

अर्जाकडे वळते. केंद्राच्या कार्यक्रमप्रमुखांच्या नावे साधा अर्ज, विभागप्रमुखांचं शिफारसपत्र, प्राचार्यांचं ना-हरकत पत्र, कॉलेजचं ओळखपत्र आणि आधार यांच्या स्वतः सही केलेल्या प्रती, दोन फोटो आणि एका पानाचा बायोडेटा, एवढं मला लागलं. शिफारसपत्र पहिल्यांदा हातात आलं तेव्हा त्यावर जावक क्रमांक नव्हता आणि 'काही दिवसांसाठी' असं मोघम लिहिलेलं होतं. मी तेच घेऊन निघाले होते. सहज बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, तारखा नसतील तर तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणारच नाही. दुसरं पत्र मिळायला 9 दिवस गेले, कारण कॉलेजात परीक्षेची कामं चालू होती. तेव्हा पत्र मागतानाच मजकूर स्वतः टाइप करून द्या. कधीपासून कधीपर्यंत, एकूण किती आठवडे, कुठल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, हे सगळं त्यात असू द्या आणि जावक क्रमांक पडला का ते तिथेच उभं राहून बघा.

3 मार्चला, सोमवारी, अर्ज स्वतः नेऊन दिला. सोबत दुसरी प्रत नेली होती. आवक-जावकच्या टेबलावर तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ही पोच जपून ठेवा. पुढे एप्रिलमध्ये मला फोनवर विचारलं, "अर्ज कधी दिला होता?" मी आवक क्रमांक सांगितला आणि पाच मिनिटांत कागद सापडला.

मग वाट बघणं. पाच आठवडे. बरोबरच्या मुलींना एकेक करून इंटर्नशिप मिळत होती, कुणाला वृत्तवाहिनीत, कुणाला जाहिरात कंपनीत. त्यांना पैसेही मिळणार होते. मी 20 मार्चला फोन केला, "मार्च एंड चालू आहे, नंतर करा" असं उत्तर आलं. 1 एप्रिलला केला, साहेब रजेवर होते. रात्री झोप येईना. आपण चुकीच्या दारात उभ्या आहोत असं वाटायचं. आत्या म्हणाली, "नाही म्हणालेत का? मग थांब." आता वाटतं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही सरकारी कचेरीत फोन करूच नये. त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही.

9 एप्रिलला फोन आला. 15 तारखेला सकाळी अकरा वाजता भेटायला या.

गेटवर वहीत नाव, वेळ, कुणाला भेटायचं ते लिहिलं. आत कार्यक्रम अधिकारी होते. त्यांनी बायोडेटा बाजूला ठेवला आणि विचारलं, "घरी रेडिओ कोण ऐकतं?" मी आजीचं सांगितलं. "काय ऐकतात?" शेतीचा कार्यक्रम. "त्यात त्यांना काय आवडत नाही?" हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, "तज्ज्ञ फार भरभर बोलतात. औषधाचं नाव एकदाच सांगतात. आजी पेन आणेपर्यंत ते पुढे गेलेले असतात." त्यांनी ते एका कागदावर लिहून घेतलं.

मग एक पान वाचायला दिलं. आमच्याकडे बोलताना 'पाणी'चं 'पानी' होतं, 'आणि'चं 'आनि'. कॉलेजात आल्यावर मी ते बदलायचा इतका धसका घेतला होता की वाचताना 'मनाने'चं 'मणाणे' झालं. मला घाम फुटला. सरांनी थांबवलं नाही. वाचन झाल्यावर कागदावर चार शब्द लिहिले, माझा, माझी, चार, चारा. "वाचा." वाचले. "आता जीभ कुठे लागते ते बघत वाचा." मी परत वाचले आणि लक्षात आलं, की 'माझा'मधला झ दातांच्या मागे लागतो आणि 'माझी'मधला वर टाळूला. 'चार'चा च टाळूला, गुरांच्या 'चाऱ्या'चा च दातांपाशी. लिहिताना अक्षर एकच. जन्मापासून मी हे बरोबर बोलत आलेय आणि मला ते माहीतच नव्हतं. "चिंच म्हणा," सर म्हणाले. "एका शब्दात दोन्ही च आहेत. हे तुम्हाला कुणी शिकवलं? आजीनेच ना? मग घरचं बोलणं वाईट कसं? ण आणि न तेवढं सवयीनं येईल."

त्या दुपारी एसटी स्टँडवर मी गाडीची वाट बघत 'चिंच, चिंच' म्हणत बसले होते.

अटी त्यांनी तिथेच सांगितल्या. सहा आठवडे, 5 मे ते 13 जून. मानधन नाही. थेट प्रसारणात बोलायचं नाही. स्टुडिओत फोटो, व्हिडिओ काढायचे नाहीत. कुठलंही ध्वनिमुद्रण बाहेर न्यायचं नाही. हे सगळं साध्या कागदावर हमीपत्र म्हणून लिहून दिलं. रोज हजेरीपटावर सही. 28 एप्रिलला पत्र मिळालं.

खर्चाचं आधीच सांगते, कारण मानधन नाही म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न तोच होता. राहायला आत्याकडे होते म्हणून जमलं. झेरॉक्स, फोटो, टायपिंग मिळून 260 रुपये. गावी जाऊन यायला एसटी. जानेवारीत भाडेवाढ झाली होती, पण बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे एका वेळचे सत्तरेक रुपये, सहा आठवड्यांत चार फेऱ्या. शहरातल्या शहरात शेअर रिक्षाचे रोज 40 रुपये. कानांवर पूर्ण बसणारे हेडफोन 900 रुपयांना घेतले. ते घ्याच, कानात घालायच्या बारीक इअरफोनवर श्वासाचे आवाज नीट कळत नाहीत. सगळे मिळून 3,200 रुपयांच्या आसपास गेले. राहण्याची सोय नसेल तर हा हिशेब पार बदलतो, तेव्हा जवळचं केंद्र निवडा.

पहिला आठवडा मी ध्वनिफितींच्या खोलीत होते. मला वाटलं होतं माइक दिसेल, दिसली कपाटं. जुन्या स्पूल टेपा, प्रत्येक डब्यावर कार्यक्रमाचं नाव, तारीख, अवधी, हाताने लिहिलेलं. माझं काम होतं डब्यावरचा मजकूर संगणकातल्या यादीशी ताडून बघणं. दोन दिवसांत डोळे दुखायला लागले. तिसऱ्या दिवशी निवृत्तीला आलेले एक अभियंता आले. सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी एका निकामी टेपेचा तुकडा दोन्ही हातांत ताणून धरला, वीतभर. "हा बघ एक सेकंद. साडेसात इंच."

टेप सेकंदाला साडेसात इंच वेगाने धावायची. नको असलेला खोकला, अडखळलेला शब्द हाताने रीळ मागेपुढे करून शोधायचा, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरपा छेद द्यायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तिरपा का, तर सरळ कापलं की जोडावर 'टक' असा आवाज येतो. काकांनी मला तीन जोड करायला लावले. पहिले दोन वाकडे आले. तिसरा यंत्रावर लावला तर जोड कुठे आहे ते ऐकू आलं नाही, आणि माझ्या अंगावर काटा आला. आता सगळं संगणकावर होतं, पडद्यावर लाटा दिसतात, चुकलं तर मागे जाता येतं. काका म्हणाले, "पडद्यावर बघून कापू नकोस. डोळे मिटून ऐक, मग काप." पुढचे पाच आठवडे मी तसंच करायचा प्रयत्न केला.

7 मे माझ्या तिसऱ्या दिवशी आला. ऑपरेशन सिंदूरची बातमी सकाळी सगळ्यांना कळलेली होती, देशभर मॉक ड्रिलही होती. गेटवर ओळखपत्र दोनदा पाहिलं. ड्युटी रूममध्ये, म्हणजे प्रसारणावर लक्ष ठेवतात त्या खोलीत, दिल्लीच्या बातम्या चालू असताना कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नव्हतं. मी कोपऱ्यात उभी राहिले आणि कुणाला काही विचारलं नाही. नव्या माणसाने अशा दिवशी एवढंच करावं.

दुसऱ्या आठवड्यात ड्युटी रूम मिळाली. प्रसारणाच्या तीन सभा असतात, सकाळ, दुपार, संध्याकाळ. पहिली सभा पाहायची म्हणून मी पहाटे साडेपाचला पोचले. आत्याच्या यजमानांनी स्कूटरवरून सोडलं. मग आकाशवाणीची ती सुरुवातीची धून लागली. लहानपणापासून आबांच्या रेडिओवर ऐकलेली, व्हायोलिन आणि मागे तंबोरा. वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोप सोडून मुंबईत आलेल्या संगीतकाराने ती शिवरंजनी रागावर बांधली, हे मला तिथे कळलं. काचेच्या अलीकडे उभं राहून ती ऐकताना मला आमच्या परड्यातला शेणाचा वास आला. खरंच आला.

ड्युटी रूममध्ये क्यू शीट असते. कुठल्या मिनिटाला काय, किती अवधीचं, कुठून येणार, सगळं त्यावर. जे घडलं ते लॉगबुकात लिहायचं. आणि तिथली सगळ्यात मोठी भीती म्हणजे शांतता. गाणं संपलं आणि पुढचं काही सेकंद लागलं नाही, तर त्याची नोंद होते आणि असं का झालं ते लिहावं लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं, तो सुई फिरवतो. ड्युटी अधिकारी मॅडम मला म्हणाल्या, "तीन सेकंद गप्प बसून बघ, किती मोठे असतात." मी घड्याळाकडे बघत बसले. फार मोठे असतात.

माझं पहिलं लिखाण प्रसारित झालं ते दिनविशेष. 8 जूनचा. मला तारीख दिली आणि म्हणाले, एक मिनिट. मी अडीचशे शब्द लिहून नेले. निवेदिका मॅडमनी मोजायला लावलं. सावकाश वाचलं तर मिनिटाला 110 ते 120 शब्द होतात. अर्ध्याहून जास्त कापावं लागलं. उरलं ते असं, की 23 जुलै 1927 ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, पुढे ती सेवा सरकारकडे आली, आणि 8 जून 1936 ला तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. प्रत्येक तारीख दोन ठिकाणी तपासलीस का, असं तीनदा विचारलं. छापलेली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते, पण कानावर गेलेली माघारी कशी आणणार?

संहिता कशी न्यायची तेही इथेच लिहून ठेवते. कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत. स्टेपल काढून टाकायची. पान उलटायचं नाही, हळूच बाजूला सरकवायचं. आकडे अक्षरांत लिहायचे, '12,500' नाही, 'साडेबारा हजार'. काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या, कडक इस्त्रीची ओढणीसुद्धा माइकला ऐकू येते. मी पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा हातात आजीने भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. मॅडमनी हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाल्या, "हात हलव." वरातीतला खुळखुळा वाजल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवायचे.

आता सगळ्यात जास्त शिकवलं ते सांगते.

शेतीच्या कार्यक्रमासाठी डाळिंबावर आठ मिनिटं करायची होती. माझा तालुका म्हणून मला बरोबर घेतलं. 14 मेला आमच्याच गावाजवळच्या एका बागायतदाराकडे गेलो. त्यांना मी लहानपणापासून नाना म्हणते. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरणारी माणसं मेमध्ये बागेचं पाणी तोडून ठेवतात. झाडाला ताण देतात. पानगळ करतात, छाटणी करतात आणि जूनमध्ये पाणी सोडलं की फूल निघतं. बाग तेव्हा वाळलेली, उघडी दिसते. नाना बांधावर उकिडवे बसून बोलले, "झाड उपाशी ठेवल्याबिगर फुलत न्हाई. पर किती उपाशी ठेवायचं, ते त्याच्याकडं बघून कळतं."

वारा होता. माइकवर फोम असूनही घोंघावत होतं, म्हणून नानांना विहिरीच्या कट्ट्याच्या आडोशाला बसवलं. शेजारच्या रानात मोटर चालू होती, ती दहा मिनिटं बंद करायला लावली. बोलणं संपल्यावर अधिकारी सरांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि एक मिनिट नुसता जागेचा आवाज घेतला, पाखरं आणि वारा. पुढे संपादन करताना दोन वाक्यांच्या मध्ये हाच आवाज भरायचा असतो, नाही तर जोड उघडा पडतो. तुम्ही मोबाइलवर काही रेकॉर्ड करत असाल तरी हे करा. सगळे विसरतात.

मुलाखत घेताना माझी बोली आपोआप परत आली. "मंग?", "कवा सोडता पानी?" मी एकदा जीभ चावून सरांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, बोलत राहा म्हणून. परतीच्या वाटेवर म्हणाले, "तुम्ही शहरी बोलला असता तर नाना 'होय साहेब' म्हणून मोकळे झाले असते."

प्रसारण 29 मेला ठरलं होतं. मी आठ मिनिटं कापून, जोडून तयार केली. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. तो थांबेचना. 24 मेला मान्सून केरळात आला, 26 ला मुंबईत. मेमध्ये असा पाऊस आजीनेही पाहिला नव्हता. 26 च्या संध्याकाळी मी नानांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, मी बोललो ते आता खोटं झालं. झाड पानी प्यालं. ताण मोडला."

माझे दहा दिवस वाया गेले असं वाटून मला रडू आलं. आत्याच्या गच्चीवर जाऊन रडले, सगळीकडे ओले कपडे लोंबत होते. मग लाज वाटली. माझी आठ मिनिटं गेली होती, नानांचा बहार जात होता. आणि आमच्या दोन एकरांचं काय, हे मी घरी विचारलंसुद्धा नव्हतं. खाली येऊन वडिलांना फोन केला. तिकडेही तेच.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "टाकून नाही द्यायचं. जे झालं ते तसंच सांगू." कार्यक्रम असा झाला. आधी 14 मेची मुलाखत, तारीख स्पष्ट सांगून. मग 27 तारखेला नानांना परत केलेला फोन, "ताण मोडला" या वाक्यासकट. मग डाळिंबाचे एक तज्ज्ञ. तेल्या रोग जिवाणूमुळे होतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर झाडावरून झाडावर उडतो, तेव्हा उघडीप मिळाली की विश्रांतीतल्या बागेवर 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारा, रोगट फांद्या छाटून बागेबाहेर नेऊन जाळा, असं त्यांनी सांगितलं. त्यांना मी आधीच विनंती केली होती, "सर, औषधाचं नाव आणि प्रमाण दोनदा सांगाल? मध्ये थोडं थांबून. ऐकणारे पेन शोधत असतात." त्यांनी दोनदा सांगितलं. जोडणारी तीन निवेदनं मी लिहिली, वाचली मॅडमनी. 29 च्या संध्याकाळी मी ड्युटी रूममध्ये उभी होते. आजीचा फोन आला, "बोर्डो एक टक्का. लिवून घेतलंय."

जूनचे दोन आठवडे भराभर गेले. श्रोत्यांची पत्रं लावणं माझ्याकडे होतं. आता बहुतेक लोक मोबाइलवर संदेश पाठवतात, पण 50 पैशांची पोस्टकार्डंही येतात. एकच गृहस्थ दर आठवड्याला लिहायचे, कुठल्या दिवशी किती वाजता आवाज चिरकला ते. मी त्यांच्या नोंदी लॉगबुकाशी ताडून पाहिल्या. एकही चुकीची निघाली नाही. रोज दहा मिनिटं ण-न चा सराव चालू होता. जमतंय म्हणण्याइतकं जमत नाही अजून, पण 'मनाने' नीट येतं.

एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं. ही इंटर्नशिप म्हणजे निवेदक होण्याचा दरवाजा नाही. हंगामी निवेदकांसाठी वेगळी जाहिरात निघते, लेखी परीक्षा असते, स्वरचाचणी असते, त्यानंतर 'वाणी' नावाचा प्रशिक्षण वर्ग. केंद्रातली माणसं हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात. ते ऐकून हिरमुसू नका.

प्रमाणपत्रासाठी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. अहवाल (माझा 12 पानी होता), हजेरीपटाची सही-शिक्क्याची प्रत आणि कॉलेजचा मूल्यमापनाचा नमुना लागतो. मी 9 जूनला सगळं दिलं तरी प्रमाणपत्र 19 ला मिळालं.

12 जूनला, जायच्या आदल्या दिवशी, निवेदिका मॅडम म्हणाल्या, "युवकांच्या कार्यक्रमात तुझी नऊ मिनिटं घेऊया. सहा आठवडे तू लोकांना प्रश्न विचारलेस, आता समोर बस." मी पाणी प्यायले, बांगड्या काढल्या, बसले. दार लागलं की त्या खोलीत कान दडपल्यासारखे होतात. लाल दिवा लागला. पहिल्या प्रश्नाला मी म्हणाले, "आकाशवाणी हे लोकशिक्षणाचे प्रभावी माध्यम असून..." मॅडमनी हात वर केला. काचेपलीकडे काकांनी थांबवलं. त्या म्हणाल्या, "हे कुणाला सांगतेयस?" मला उत्तर देता येईना. "आजीला सांग."

परत सुरू केलं. या वेळी बोलता आलं. टेपेचा जोड, नानांची बाग, चिंचेतले दोन च, सगळं आलं. मग त्यांनी विचारलं, "घरातला रेडिओ कुणाचा?"

मी म्हणाले, "आबांचा." आणि पुढचा शब्द आला नाही. रात्रीची वीज असायची तेव्हा आबा बागेला पाणी द्यायला जायचे, रेडिओ खांद्याला अडकवून. अंधारात ते कुठल्या सरीला आहेत ते आम्हाला त्या आवाजावरून कळायचं. हे मला सांगायचं होतं. ते मी सांगितलं, पण थांबून.

ध्वनिमुद्रण झाल्यावर मी काकांकडे गेले. "ती मधली जागा कापा ना. किती आहे?"

"चार सेकंद."

म्हणजे जुन्या टेपेवर तीस इंच. मी म्हणाले, फार मोठी आहे, लॉगबुकात येईल. काकांनी डोळे मिटून ती जागा परत ऐकली. म्हणाले, "ही राहू दे."

प्रसारण 22 जूनला, रविवारी संध्याकाळी होतं. मी तेव्हा प्रवासात होते, ॲपवर लावलं पण रेंज गेली. रात्री घरी पोचले. आजी चुलीपुढे बसली होती. रेडिओ कोनाड्यात, केंद्र नीट लागावं म्हणून नेहमीसारखा तिरका फिरवलेला. मागचं झाकण उघडं होतं, सेल बाहेर काढून फडक्यावर ठेवलेले.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं की. चांगलं बोलत हुतीस. आबाचं नाव घेतलंस आन् बंदच पडलं. मला वाटलं शेल संपलं. झाकण काढून शेल फिरवून बसवंस्तोवर गाणं लागलं बघ." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "फुडं काय बोललीस?"

मी पायातल्या चपला काढल्या, तिच्या शेजारी बसले आणि पुढचं सांगितलं.